चिंतामणीला एकच प्रश्न

बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष सोडून मार्तंडला हैदराबादच्या फ्लाइंग क्लबात जायचं होतं. जूनमध्ये तिथं जागा होती. विमानाच्या लायसनला मॅट्रिक पुरे, हे त्यानं घरात इतक्यांदा ऐकवलं, की वहिनीच्या कडेवरची बेबीसुद्धा मान डोलवू लागली. वडील, तात्या, मात्र ढिम्म हलेनात. तुळजापूरच्या देवळातले पुजारी ते. बिनडिग्रीच्या पोराला मुलगी कोण देणार, इथपासून असला माणूस विमान उलटं चालवील, इथपर्यंत त्यांची मजल गेली.

मधल्या मध्ये सापडली सरोजिनी. हैदराबादेत राहून बी.ए. झालेली सून, म्हणून बाप-लेक दोघंही तिलाच साक्षीला ओढत. नियम दिराच्या बाजूनं आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण पाळण्यात बेबी नुसती खोकली तरी ती हातातलं टाकून धावे. दीर आभाळात गेलेला तिला कुठला सोसवायला!

शेवटी तात्या म्हणाले, चिंतामणीलाच विचारू. देवळातला हा गोल दगड. दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे तर नाही. यात्रेकरू एका दमात दोन-दोन गोष्टी विचारतात, म्हणून तात्या रोज त्यांच्यावर खेकसत.

दुपारची गर्दी ओसरल्यावर बेबीला घेऊन तिघं गेले. तात्यांनी हात ठेवले, ओठ पुटपुटले. दगड जरा उजवीकडे सरकला, परत आला, जरा डावीकडे गेला आणि बसला. आधी उजवीकडे गेला, म्हणजे होयच, असं मार्तंडचं म्हणणं. शेवट कुठं झाला ते बघ, असं तात्यांचं. सरोजिनीचं लक्ष मात्र मघापासून सासऱ्यांच्या ओठांवर होतं.

“तात्या, उडू द्यावं का कॉलेजात शिकू द्यावं, असं विचारलंत तुम्ही,” ती हळूच म्हणाली. “दोन झाले.”

तात्यांचे कान लाल झाले. मार्तंड खांबाकडं तोंड करून हसायला लागला, तशी ती त्याच्याकडं वळली.

“हसू नका भाऊजी. डिग्रीनं विमान उडत नाही, कबूल. पण वैमानिकाचे डोळे-कान डॉक्टर वरचेवर तपासणार. एखाद दिवशी म्हणाले, आता बास, तर खाली येऊन काय करणार?”

“शाळेत गणित शिकवीन,” मार्तंड पटकन बोलून गेला. मास्तरकीला डिग्री लागते, हे त्याचं त्यालाच उमगलं. त्यानं मान खाजवली. मग म्हणाला, विमान पहाटेच शिकवतात. दिवसा तिथल्याच कॉलेजात बसेन. एका वर्षाचा तर प्रश्न.

तात्यांनी पुन्हा दगडावर हात ठेवले. या खेपेला ओठ घट्ट मिटलेले. सरोजिनीनं बेबीचा पाय मुठीत धरून ठेवला होता. दगड सावकाश उजवीकडे फिरला, चांगला फिरला.

“कशाला हो म्हणाला? कॉलेजला का क्लबाला?” मार्तंडनं विचारलं.

“ते तुझं तू ठरवलंस की. वर गेलेला नीट खाली उतरतो का, एवढंच विचारलं मी.”

सरोजिनीच्या मनातही तेवढंच होतं. तिनं बेबीचा पाय सोडला.

उठता उठता तात्यांनी लेकाला बजावलं, “आणि सुट्टीला घरी येशील ते एस.टी.नं.”