केराची खोली

खिडकीच्या फळीवर बांबूची एक रिकामी कांडी पडली होती, निळ्या सुताचा शेवटचा वेढा तिला अजून चिकटलेला… आणि मथुराबाईला आधी वास आठवला, खळीचा, ओल्या सुताचा, आईच्या पदराचा. मग गड्ड्याच्या जत्रेत काकणांच्या दुकानापुढे खोळंबलेल्या दोन परकरी पोरी — त्यांतली एक आपण, आणि दुसरी ही, समोर चुलीपाशी बसलेली केरा.

गिरणी कामगारांच्या राहणीची पाहणी चालली होती, आणि मथुराबाई तिचे प्रश्न घेऊन चाळीचाळींतून फिरत होती. दर दहावी खोली घ्यायची, माणूस आपण निवडायचं नाही, कुणाचं नाव लिहायचं नाही, आणि ओळखीच्या घरी तर विचारूच नये, तिथं उत्तरं वाकतात — पाहणीच्या साहेबांनी पुनःपुन्हा बजावलं होतं. आज दहावी खोली नेमकी केराची निघाली. पुण्याला शिकायला गेल्यापासून मथुराबाई या चाळीत आलीच नव्हती.

“मी शेजारची खोली घेते, केरे. ओळखीच्या माणसाला विचारायचं नसतं.”

“वळखीची म्हून मी मानसांत न्हाय व्हय? इच्यार की.”

मग तिने विचारलं. भाकरी कशाची, पाणी कुठलं, खोलीत माणसं किती… केरा ताठ बसून उत्तरं देत होती, मध्येच हसत होती, आणि मथुराबाईला वाटत होतं, हे सगळं बाजूला सारावं, म्हणावं — तलावाच्या पायऱ्यांवर आपण चिंचोके खेळायचो, आठवतं का गं? पण पुढचा प्रश्न छापलेला होता.

“मुलं किती गेली? कशानं?”

“एक पोरगी. तापानं.” केराने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “तापानं न्हाय, मथे. गिरणीत जायचं म्हून तिला निजवायला मी अफूची गोळी देत व्हते. त्या दिशी जरा मोठी पडली. घरधन्याला बी ठावं न्हाय. हे तुला सांगितलं. कागदाला न्हाय.”

नाव कुठंच येणार नव्हतं. अशी खरी उत्तरं जमली, तर गिरणीत तान्ह्या पोरांसाठी एखादी खोली निघेल, असं साहेब म्हणत. ही पाहणी त्यासाठीच तर… मथुराबाईला ते पटत होतं, अगदी पटत होतं. रकाना कोरा ठेवून तिने पेन्सिल खाली ठेवली. केराच्या पाठीवरून फिरवावा म्हणून हात उचलला, तर — हा हात विचारायला आलेल्या बाईचा की मथीचा, हेच तिला कळेना, आणि तो तसाच मांडीवर परत आला.

“घे की,” केराने गूळ आणि पाणी पुढे सरकवलं. “कवाधरनं बोलतीस, घसा वाळला आसंल.”

पुण्यात इतकी वर्षं ती या चाळीच्या आठवणी काढत होती, आणि तेव्हा ती इथलीच होती. आज इथं बसून, केराच्या हातचा गूळ तोंडात विरघळत असताना, आपण बाहेरून आलो आहोत, असं तिला पहिल्यांदाच वाटलं…