माझ्या कपाळावरचा कागद

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझ्या कपाळावर 'नादुरुस्त' असा कागद डकवलेला आहे. तो कागद खोटा आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय हल्ली कुणाला राहिलेली नाही.

माझी उमेदीची वर्षं पुण्यातल्या एका कचेरीत गेली. तिथं नवे संगणक आले आणि मला भोरच्या एका संगणक वर्गाला दान दिलं. दानात आलेल्या वस्तूचे लाड कोण करतो? तरी पहिल्या खंडेनवमीला मला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. ते कुंकू कीबोर्डात सांडलं, एक बटण अडकू लागलं, आणि त्याचा बोल मात्र मलाच लागला.

यंदा माझ्यासमोर दिपाली बसू लागली. वेल्ह्याच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरून ती एसटीनं यायची. पोहोचायला उशीर व्हायचा, म्हणून कोपऱ्यातला मी तिच्या वाट्याला आलो. घरी संगणक नव्हता. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेच्या परीक्षेसाठी ती मेंढरांच्या जंताच्या औषधाचं वेबपान बनवत होती. वजन टाकलं की लहान, मधलं की मोठं माप पाजायचं, ते पानानं सांगायचं. पान चाललं तरच ती पास होणार होती, आणि नापास झाली तर घरचे तिला पुन्हा भोरला पाठवणार नव्हते.

तिनं एकाखाली एक अटी लिहिल्या. वजन दहा किलोच्या वर असेल तर लहान माप. नाहीतर, वीसच्या वर असेल तर मधलं. नाहीतर, तीसच्या वर असेल तर मोठं. मग चाळीस किलोचा मेंढा टाकला. मी उत्तर दिलं, लहान माप. मी वरून खाली वाचत येतो. जी अट पहिल्यांदा खरी ठरते तिथंच थांबतो, खालच्या वाचत नाही. चाळीस दहाच्या वर आहेतच ना? मी मला सांगितल्याप्रमाणेच वागलो होतो.

तिनं तीनदा टाकून पाहिलं आणि शिकवणाऱ्या धनाजी सरांना सांगितलं, की हा संगणक चुकतोय. सरांनी तिनं काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही. जुनाच आहे तो, असं म्हणून त्यांनी कागद डकवला, मला भंगाराच्या यादीत घातलं आणि तिला वर्गातल्या सोनियाच्या शेजारी बसवलं. सोनियाच्या नव्याकोऱ्या संगणकावरही त्याच अटींनी मेंढ्याला लहान मापच मिळालं.

मधल्या सुट्टीत दिपाली खाली मान घालून माझ्याकडे परत आली. तिनं आजोबांना, गेणूआबांना, मोबाईल लावला.

"आबा, औषध पाजताना तुमी आधी कुनाला काढता?"

"थोरल्यास्नी. मेंढरं कोंडल्यात त्या जाळीच्या तोंडाशी हुबं ऱ्हायचं अन् आधी थोरलं मेंढं धरायचं. दहाच्या वरचं कोन म्हून आधी इचारशील, तर समदा कळपच म्होरं यील की."

तिनं माझ्यावरच अटी फिरवल्या. तीसची वर, वीसची मध्ये, दहाची खाली. मेंढ्याला मोठं माप मिळालं. तिचे डोळे भरून आले, आणि मलाही फार बरं वाटलं.

परीक्षेत ती पास झाली, सोनियाच्या संगणकावर. मग सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, त्याचं काय चुकलं न्हवतं. माझ्याच अटी उलट्या व्हत्या. तो कागद काढा."

सर म्हणाले, यादी वर गेली, आता काय उपयोग. त्यांनी कागद काढला नाही.

आता मी मागच्या पडवीत पडून आहे. उद्या भंगाराचा टेम्पो येईल. पत्रा गळतो म्हणून दिपालीनं माझ्यावर पोतं टाकलंय.

मित्रांनो, काही चुकलं तर आधी आपण लिहिलेलं वाचा, एवढंच मागणं आहे. मलाही दोनच अटी लावल्या होत्या. जुना आहे का, ही वर होती. चालतो का, ही खाली. पहिलीचं उत्तर हो आलं, आणि दुसरीपर्यंत कुणी आलंच नाही.