पोत्याखालची जुडी

महादेवराव मूर्तिजापूरकडचे. दोन एकरांत पालक, मेथी पिकवायची आणि अकोल्याच्या बाजारात स्वतः बसून विकायची, यात त्यांची चाळीस वर्षं गेली. गेल्या वर्षी अमरावतीला त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हापासून शांत जागी बसले की छातीतून टिकटिक ऐकू यायची. रक्त घट्ट झालं तर त्या झडपेत गुठळी धरणार आणि कारभार आटोपणार. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली.

"आबाजी, हे गोयी आंधी उंदरं माराले वापरत," फार्मसी शिकणाऱ्या नातीनं, प्रणालीनं, ज्ञान पाजळलं. "अन त्याच्याई आंधी परदेशात सडका चारा खाऊन गाई रगत वाहून मेल्या. त्याच्यातून हे औषध सापडलं."

"वा रे वा! गाई झाल्या, उंदरं झाले, अन आता माहा नंबर!" म्हातारा म्हणाला. पण गोळी एक दिवस चुकवली नाही.

तरी दर महिन्याच्या तपासणीत रक्त किती पातळ आहे याचा आकडा नाचायचा. तीनच्या आसपास हवा, तर कधी पाचावर जायचा आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. कधी दीडच्याही खाली घसरायचा, म्हणजे रक्त घट्ट. अकोल्याचे डॉक्टर गोळी कमी करत, वाढवत, मग संशयानं विचारत, "गोळ्या नीट घेता ना?" इमानदार माणसाला हा प्रश्न फार लागतो. महादेवरावांनाही लागला.

एका संध्याकाळी जेवताना त्यांच्या हातातून घास गळून पडला. बोटं ऐकेनात, जीभ जड. पाच मिनिटांत सगळं जागेवर आलं, पण त्यांच्या बायकोनं, मैनाबाईंनी, मात्र ताटाकडे पाहिलं. ताटात पालक होता. कालही होता, परवाही होता.

दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांसमोर सरळ बसल्या.

"गोयीले नोका दोष देऊ, सायेब. आमच्या घरी शिजते ते बाजारातून वापस आलेली भाजी. माल सारा खपला का यायले पान भेटत नाही, मंग रगत पातय. बाजार पडला का आठ दिवस पालकच पालक, मंग रगत घट्ट."

डॉक्टरांनी मागच्या तपासण्यांचे कागद पुन्हा चाळले. पालेभाजी गोळीचा जोर मारते हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनी सांगितलंही होतं. पण या माणसाचं रक्त बाजाराच्या भावावर चालतं, हे कुठल्या पुस्तकात असणार? मग त्यांनी लिहून दिलं: रोज एक वाटी पालेभाजी. कमी नाही, जास्त नाही. बाजार कसाही असो.

घरी ठेवलेली जुडी संध्याकाळपर्यंत सुकायची, म्हणून त्या दिवसापासून मैनाबाई बाजाराची गाडी निघायच्या आत एक जुडी ओल्या पोत्याखाली सारून द्यायच्या. "हे इकायची नाही," असा दम भरून.

पहिल्याच रविवारी बाजार असा तापला की अकराच्या आत पाटी रिकामी. आणि पिशवी हलवत आले ते खुद्द डॉक्टर. महादेवरावांच्या पालकाशिवाय त्यांच्या घरी रविवार होत नसे. त्यांनी पोत्याचं टोक उचललं.

"आहे की एक! द्या ही."

समोर उभं गिऱ्हाईक महादेवरावांनी चाळीस वर्षांत रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं. हात सवयीनं जुडीकडे गेलाच. तेवढ्यात त्यांना तो गळलेला घास आठवला आणि त्यांनी पोतं पुन्हा जुडीवर ओढलं.

"नाही सायेब. हे नाही भेटत."

"कुणासाठी ठेवली?"

"तुमीच तं लिवून देलं ना."

डॉक्टर हसले, शाबास म्हणाले, आणि वळून थेट समोरच्या वामनरावांच्या दुकानावर गेले. ज्यांचा पालक आपल्या बैलालाही घालणार नाही, असं महादेवराव वीस वर्षं ज्याला त्याला सांगत आले होते, त्याच वामनरावांनी दोन जुड्या झटकून डॉक्टरांच्या पिशवीत घातल्या आणि इकडे बघून हात जोडले.

महादेवरावांनी पोतं घट्ट दाबून धरलं. जगायचं तर हेही बघावं लागेल, हे अमरावतीला कुणी सांगितलं नव्हतं.