पंपातलं पाणी

माझं पहिलं ऑर्किड मी काळ्या मातीत लावलं, वर शेणखत घातलं, कपाशीसारखं पाणी पाजलं. आठवड्यात कुजलं. नाक मुठीत धरून आर्णीजवळच्या तांड्यावर लालीबाईच्या नर्सरीत शिकायला गेले.

मे महिना. सकाळी नऊलाच अंग भाजत होतं. हिरव्या जाळीखाली मात्र गारवा, तारांना टांगलेली झाडं, उघडी मुळं.

"माती कायले घातली वं?" लालीबाई खेकसली. "याच्या मुळाले हवा लागते. कोळशाच्या तुकड्यावर बांध अन् सकाळी फवारा मार."

बाई तिखट होती, मला आवडली. नवरा गेल्यावर दीर धरमसिंग नर्सरीच्या अर्ध्या एकरात कपाशी लावायला टपला होता. तांड्याच्या पंचांनी निवाडा दिला होता, की जोवर नर्सरीत एक तरी झाड जिवंत असेल, तोवर वावर लालीचं.

"फवारणीचा पंप मी पहाटंच पाण्यानं भरून ठेवला," लालीबाई म्हणाली. "तू मार, मी चहा टाकतो."

मी पंप पाठीवर घेतला आणि हौसेने सगळ्या रांगा भिजवल्या. उग्र वास आला. शेतकऱ्याची पोर मी, तरी वाटलं, खत असेल. माझ्यासारखी मूर्ख मीच!

चहा घेऊन आलेल्या लालीबाईच्या हातातून कप पडले. नळीचा वास घेऊन तिने माझ्या कानाखाली जाळ काढला. "तणनाशक हाय हे!"

ती विळा घेऊन भिजलेली पानं सपासप छाटू लागली. मी बादलीने खोडं धुऊ लागले. तेवढ्यात धरमसिंग दारात आला, हसत. "म्याच टाकलं पंपात. आता उचल आपला पसारा."

लालीबाई धावली. त्याने तिचे केस धरले आणि डोकं लोखंडी खांबावर आपटलं. पुन्हा आपटलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पंप उचलून मी त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले. मला जराही वाईट वाटलं नाही, म्हणून आणखी एक हाणला.

तरी तो उठला. धुतलेली झाडं ओरबाडून पायाखाली चिरडू लागला. "एकबी ठेवत नाही!"

शेवटच्या तारेवर नऊच उरली होती. त्याने हात घातला आणि लालीबाईने विळा चालवला. मनगटापासून पंजा लोंबला. तो गुरासारखा ओरडला. त्याचं रक्त माझ्या तोंडावर उडालं.

पोलीस आले तेव्हा लालीबाईच्या कपाळावरून रक्ताचा ओघळ वाहत होता, तरी ती माझ्याशीच बोलत होती. "सावलीत ठेव. आठ दिवस ऊन लागू देऊ नको. एक तरी जगव वं बाई."

पोलीस तिला घेऊन गेले आणि मी तिथेच बाज टाकली. चार जगली. पंच येऊन पाहून गेले आणि वावर लालीबाईचंच राहिलं. मंगळवारी यवतमाळच्या तुरुंगात भेटीला गेले तेव्हा तिने स्वतःच्या जामिनाचं विचारलंच नाही. "नवं मूळ फुटलं का?" एवढंच म्हणाली.

फुटलं नव्हतं. मी हो म्हणाले.