हनुवटीखाली दोन बोटं

मागच्या वेळी पिटुकली अक्षरशः हातातून जाता जाता वाचली होती. तिला अधूनमधून झटके यायचे, म्हणून एका दवाखान्यात डोक्याच्या तपासणीसाठी झोपेचं गोड औषध पाजलं. झोपेना, म्हणून आणखी पाजलं. मशीनमध्ये ठेवलं की किंचाळून उठायची. शेवटी कंटाळून त्यांनी घरी धाडलं, आणि वाटेत गाडीत तिला गाढ झोप लागली. मान पुढे कलंडली. आईने सहज वळून पाहिलं, तर ओठ जांभळे. तिने मान वर उचलली, गालावर चापट्या मारल्या, तेव्हा कुठे पोरीने श्वास ओढला.

त्या दिवसापासून पिटुकली दुपारी जरी लवंडली, तरी आई तिच्या नाकाशी हात धरून बसायची.

पण झटके थांबेनात. तपासणी टाळून भागणार नव्हतं. आज ते मोठ्या रुग्णालयात आले होते. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी गाडीतली हकिगत पूर्ण ऐकून घेतली आणि मग पिटुकलीपुढे उकिडव्या बसल्या.

"मला वेडावून दाखव बघू. आऽ कर. अजून मोठा!" घशात बघून त्यांनी विचारलं, "रात्री घोरते?"

"बापाच्या वरताण," आई म्हणाली. बाबा कसनुसे हसले.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "घोरता घोरता मध्येच गप्प होते का?"

आई बाबांकडे बघत म्हणाली, "होते. मग दचकून पुन्हा सुरू."

"टॉन्सिल सुजून मोठे झालेत. झोप गाढ झाली की श्वासाची वाट अडते. हिला पाजायचं औषध नको. पोटात गेलेलं परत काढता येत नाही, आणि कधी किती चढेल ते त्याचं तेच जाणे. शिरेतून देऊ, थोडं थोडं. मी आत तिच्यापाशीच थांबेन."

"शिरेतून?" बाबा म्हणाले. "शेजारच्यांच्या मुलाला तर नुसता नाकात फवारा मारला होता."

"त्या मुलाचा घसा वेगळा. ही वेगळी."

"आणि काही झालं तर?" आईने विचारलं.

"श्वास अडू शकतो. म्हणून मास्क, नळी, सगळं हाताशी ठेवलंय. अडणारच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल."

आईला धीर आला नाही. पण ही बाई थापा मारत नाही, एवढं तिला कळलं.

बधिर करायचं मलम लावलेल्या हातात सुई गेली, तेव्हा पिटुकलीने हूं की चूं केलं नाही. "आई, मला ना..." एवढंच म्हणाली, तोवर औषध शिरेत गेलं आणि डोळे मिटले. मान कलंडली. अगदी गाडीतल्यासारखी. आईने तिच्या नाकाशी हात नेला, तोवर पिटुकलीला आत घेऊन आईबाबांना काचेबाहेर थांबवलं.

काचेपलीकडे मशीन धडधडू लागलं. मशीन चालवणारा पडद्यावर नजर लावून बसला होता. अचानक इशाऱ्याची घंटी वाजली. डॉक्टरबाईंनी हात वर केला. मशीन थांबलं, पिटुकलीला निजवलेली फळी बाहेर सरकली. पिटुकलीचं पोट आत खेचलं जात होतं, पण छाती भरत नव्हती.

"ती श्वास घेत नाहीये!" आई काचेवर थापा मारू लागली. बाबांनी तिला मागे ओढलं.

डॉक्टरबाईंनी हनुवटीखाली दोन बोटं घालून जबडा वर उचलला, मास्क लावला. क्षण सरता सरेना. मग ती इवलीशी छाती वर आली. पुन्हा आली. त्यांनी खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली, औषध कमी केलं, बराच वेळ नुसतं बघत राहिल्या आणि फळी आत ढकलायची खूण केली.

"पुन्हा आत?" आई किंचाळली.

"बाईंना करू द्या," मशीनवाला हलकेच म्हणाला. "नाहीतर परत भूल, सगळं पहिल्यापासून."

तपासणी पार पडली. पिटुकलीने डोळे किलकिले करताच बाबा उठले. "चला, निघू या."

"इतक्यात नाही. नीट बसू दे, पाणी पिऊ दे, चांगली भांडू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ती भांडली. हातावरची पट्टी ओढून भोकाड पसरलं, बाबांना लाथ मारली. आईने पाण्याचा पेला उचलला. निम्मं पाणी सांडलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी तो काढून घेतला आणि तिलाच खुर्चीत बसवलं.

संध्याकाळी समजलं, डोक्यात गाठबीठ काही नव्हती. झटके औषधाने आवरतील. पण टॉन्सिल काढावे लागतील. म्हणजे पुन्हा भूल.

"तेव्हा तुम्हीच असाल ना?" आईने विचारलं.

"सांगता येत नाही. पण जे कोणी असेल, त्यांना आज काय झालं ते सगळं सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका."

आईने मान डोलावली. पिटुकली तिच्या खांद्यावर पेंगत होती. आईने तिला हलवून जागं केलं.