चौथी बुडी

माझ्या रागाला आमच्या घरात कुणी भीक घालत नाही. रोजचाच आहे म्हणतात. पण त्या सोमवारी आलेला राग वेगळा होता, आणि तो कुणावर काढावा हेच मला कळेना, म्हणून जो समोर आला त्याच्यावर थोडा थोडा काढत गेलो.

सकाळी अकराला बारकीचा फोन आला. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय एकोणतीस, नोकरी चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या नाकाकानावर फ्रेम नीट बसवून द्यायची. आदल्या संध्याकाळीच ती आठ दिवसांची सहल करून भाजलेल्या नाकाने घरी आली होती. कुठल्याशा बेटावर, गरम समुद्रात, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायला शिकायला गेली होती बाईसाहेब. लहानपणी डोळ्यांत साबण गेला तर जिच्या ओरडण्याने शेजारी गोळा व्हायचे, ती ही. मी आधीच सांगितलं होतं, जाऊ नकोस. त्यावर आई म्हणाली, "तू कधी कुठे गेला नाहीस म्हणून तिनेही जाऊ नये का?" झालं, माझं तोंड बंद.

"दादा, रागावू नकोस हं," बारकी फोनवर म्हणाली. हे वाक्य ऐकलं की मला हमखास राग येतो. "माझे पाय बधिर झाल्यासारखे झालेत. सकाळपासून. उभंच राहवत नाहीये."

मी तेव्हा एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, कोपरापर्यंत ग्रीस माखून बसलो होतो. लिफ्टची देखभाल हे माझं काम, गेली सतरा वर्षं. हात तसेच पँटला पुसले आणि निघालो.

दुकानात पोचलो तर बारकी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसलेली, आणि दुकानाच्या मालकीणबाई खाली बसून तिच्या पायांना बाम चोळतायत. बाम! मी त्यांना दोन शब्द ऐकवले. बिचाऱ्या चांगल्या मनाने चोळत होत्या, पण माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता. टॅक्सीपर्यंत बारकीला मी जवळजवळ उचलूनच नेलं. टॅक्सीत एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. उजवा खांदा विमानात बसल्यापासून ठणकतोय. पोटावर खाज येतेय. काल घरी आल्यावर इतका थकवा आला की बूट न काढताच झोपले.

"आणि हे तू कालच्या काल का नाही सांगितलंस?"

"तू ओरडला असतास."

"आता काय करतोय मग?"

"आताही ओरडतोयसच," ती म्हणाली. टॅक्सीवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याच्यावरही मी डोळे वटारले.

तिला मी ज्या हॉस्पिटलात नेलं तिथली लिफ्ट माझ्याकडे आहे. केसपेपर काढणारी बाई मला नावानिशी ओळखते, वॉर्डबॉय चहाला थांबवतात. आपल्या माणसाचा प्रश्न असला की माणूस आधी ओळख शोधतो, मीही शोधली. खाली तपासून त्यांनी आम्हाला चौथ्या मजल्यावर नसांच्या डॉक्टरांकडे धाडलं. मी व्हीलचेअर लिफ्टमध्ये घातली, चारचं बटण दाबलं, वर गेलो. त्यात विचार करण्यासारखं मला काहीच वाटलं नाही.

डॉक्टर तिशीचा असेल. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आवाज अगदी मऊ. मला मऊ आवाजाच्या माणसांशी भांडता येत नाही, म्हणून तो मला पहिल्याच मिनिटाला आवडला नाही. पण समुद्रातल्या बुड्यांचा विषय निघताच तो सावरून बसला.

"शेवटची बुडी कधी मारलीत?"

बारकीने पर्समधून एक निळी वही काढून त्याच्या हातात दिली. शिकवणाऱ्या मास्तरांनी प्रत्येक बुडीची नोंद करून दिलेली वही. तारीख, वेळ, किती खोल, किती मिनिटं, खाली सही आणि शिक्का. डॉक्टरने ती वाचली आणि बोटांवर मोजलं.

"शनिवारी सकाळी नऊ. विमान रविवारी दुपारी बारा. म्हणजे सत्तावीस तास मध्ये गेले. बारा मीटर, तीस मिनिटं." त्याने वही मिटली. "मग ते नसावं."

"ते म्हणजे काय?" मी विचारलं.

त्याने नीट समजावलं, हे मान्य करायला हवं. खोल पाण्यात आपण दाबाखालची हवा घेतो, ती अंगात मुरते. वर आल्यावर ती सावकाश निघून जाते. पण निघून जायच्या आतच माणूस विमानात बसला तर तिचे अंगातल्या अंगात बुडबुडे होतात. पाठीच्या कण्यातल्या नसांपाशी झाले तर पाय जातात. तसं असेल तर माणसाला लगेच दाबाच्या खोलीत, म्हणजे आतल्या हवेचा दाब वाढवता येतो अशा बंद खोलीत ठेवावं लागतं, आणि ती खोली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात आहे. जितका उशीर तितके पाय परत येण्याची शक्यता कमी.

"पण वहीप्रमाणे तसं काही दिसत नाही," तो म्हणाला. "विमानात अवघडून बसल्याने नस दबली असावी. गोळ्या देतो, आराम करा, आठ दिवसांनी या."

बारकीचा चेहरा उजळला. मला तेच खटकलं. पाय बधिर झालेलं माणूस इतकं खूश होत नाही. तिला त्या दबलेल्या नसेचा आनंद झाला होता.

मी खाली वाकून तिच्या डाव्या पायाचा बूट काढला, मोजा काढला आणि अंगठा जोरात दाबला. ती डॉक्टरच्या चिठ्ठीकडे बघत होती. मी नखाने दाबलं. नख रुतलं.

"दादा, काय करतोयस? मोजा काढायचा असेल तर काढ की," ती म्हणाली.

मोजा माझ्या हातात होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावरची निळी वही उचलली आणि उघडली. चार ओळी. चार दिवसांच्या चार बुड्या. बारा मीटर, तीस मिनिटं. बारा मीटर, तीस मिनिटं. चारही ओळींत पाणी तितकंच गरम, चारही दिवस पाण्याखालचं तितकंच लांबचं दिसतंय. शाई एक, अक्षराचा तिरकेपणा एक. चार दिवस बोटीवर लिहिलेल्या वहीवर पाण्याचा एक थेंब नाही की ओल्या अंगठ्याचा ठसा नाही.

"ही वही एका बैठकीत लिहिलीय," मी म्हणालो. "चारही ओळी. बुड्या व्हायच्या आधी. बारके, तू रविवारी पाण्यात होतीस?"

"शनिवारी," ती म्हणाली. "लिहिलंय ना तिथे."

"मी तुला विचारतोय, वहीला नाही."

"शनिवारी रे! सही आहे, शिक्का आहे. उगाच कुणावर आळ घेऊ नकोस. ते मास्तर इतके चांगले आहेत. असं खोटं कोण कशाला लिहील?"

डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं. पेशंट स्वतः सांगतेय, वही सांगतेय, आणि हा ग्रीसने माखलेला भाऊ आरडाओरडा करतोय. त्याच्या जागी मीही भावाला बाहेर घालवलं असतं. दारात पुढचा पेशंट येऊन उभाही राहिला होता. बारकी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. लहानपणी खोटं बोलली की हेच करायची, आणि मी कान पिळायचो. खरं बोल, खरं बोल, म्हणून या मुलीचं डोकं मी खाल्लंय. आमचे वडील गेल्यावर ते काम मीच अंगावर घेतलं होतं. माझ्यासमोर ती कबूल करणार नव्हती. दुसऱ्या कुणासमोर केलं असतं कदाचित, माझ्यासमोर नाही.

"मी लिहितो," मी म्हणालो.

"काय?"

"असं खोटं. मी लिहितो."

मी बाहेर गेलो. लिफ्ट चौथ्या मजल्यावरच उभी होती. आत बटणांच्या वर काचेची चौकट असते, तिच्यात तपासणीचा कागद असतो. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघून निर्धास्त होतात. मी स्क्रू काढले, कागद ओढून घेतला आणि परत येऊन तो बारकीच्या मांडीवर ठेवला.

"वाच. डॉक्टर, तुम्हीही वाचा."

दर गुरुवारी एक ओळ. ब्रेक तपासला, दोर तपासला, दरवाजे तपासले, घंटा तपासली. समाधानकारक. खाली माझी सही. डॉक्टरने बोट फिरवत शेवटची ओळ गाठली आणि थबकला.

"ही येत्या गुरुवारची तारीख आहे."

"हो. त्याच्या पुढच्या गुरुवारचीही आहे. महिन्याचा कागद मी एक तारखेला भरतो, खाली गाडीत बसून. वर जातच नाही. दार अडकलं, कुणी फोन केला, तरच येतो. शिक्काही माझ्याच खिशात असतो." माझा आवाज चढला होता, आणि यावेळी तो कुणावर चढला होता हे मला पक्कं माहीत होतं. "म्हणून मला ती वही बघताक्षणी कळली. अशी वही कशी लिहितात ते मला कुणी शिकवायला नको. आता बोल बारके. मला ओरडायचा हक्कच उरलेला नाही. बोल."

ती कागदाकडे बघत राहिली. मग रडू लागली, आणि रडता रडताच बोलली, घाईघाईने, धापा टाकत. शनिवारी समुद्र खवळला होता, बोट निघालीच नाही. चौथी बुडी झाली नाही तर बुड्या मारायला शिकल्याचं कार्ड मिळत नाही. मास्तर म्हणाले होते, पुढच्या वर्षी ये. तीच मागे लागली. रविवारी सकाळी सातला गेले दोघं. वही पहिल्या दिवशीच लिहून झाली होती, त्यात शनिवार होता, तो तसाच राहू दिला.

"आणि किती खोल?" डॉक्टरने विचारलं. त्याचा मऊपणा कुठल्या कुठे गेला होता.

"बारा नाही. मास्तर कासवामागे खाली गेले, मी मास्तरांमागे. किती खोल ते दाखवणाऱ्या त्यांच्या घड्याळात एकवीस मीटर होते. ते म्हणाले, हात-पाय जरा झिणझिणले तर घाबरायचं नाही, आणि कुणी विचारलं तर शनिवार सांगायचं. नाहीतर तुझं कार्ड जाईल आणि माझं लायसन." तिने माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, बरं होईल आपोआप. डॉक्टर नस म्हणाले तेव्हा वाटलं, सुटले."

एका कार्डासाठी! मला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली आणि तिला छातीशी धरावंसंही वाटलं, आणि मी यातलं काहीच केलं नाही. त्या मास्तराला मी मनातल्या मनात त्याच्याच टाकीने झोडपत होतो, पण प्रत्येक फटक्याला तो माझ्यासारखा दिसायला लागला.

डॉक्टरने मात्र एक क्षण घालवला नाही. बारकीला स्ट्रेचरवर आडवं केलं, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला, हातात सलाईन घातलं. फोनवर त्याने दाबाच्या खोलीवाल्यांना सात, बारा, एकवीस असे आकडे सांगितले, आणि पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलला की आम्हाला ऐकू आलं: आत्ता आणा. अँब्युलन्स खाली लागली. वॉर्डबॉयने स्ट्रेचर खोलीबाहेर ढकललं, लिफ्टपाशी नेलं आणि बटणाकडे हात नेला.

"थांब," डॉक्टर म्हणाला. तपासणीचा कागद अजून त्याच्या हातातच होता. त्याने तो माझ्यासमोर धरला. "ही चालेल ना?"

इतकी वर्षं मला कुणीही काहीही विचारलं की मी तोंडावर उत्तर फेकतो. ब्रेकची पट्टी किती झिजली असेल? मला माहीत नव्हतं. दोर शेवटचा कधी बघितला होता? पावसाळ्याआधी. की त्याच्याही आधी? लिफ्ट सकाळपासून पन्नास वेळा वर-खाली झाली असेल आणि आणखी पाच हजार वेळा होईल. किंवा होणार नाही. शेवटी मी मान हलवली. नाही.

डॉक्टरने तिथल्या तिथे लिफ्टचं मेन बटण बंद करायला लावलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. वॉर्डबॉयने आणखी दोघांना हाक मारली. तिघे आणि चौथा मी. स्ट्रेचर उचललं आणि जिन्याने निघालो. डॉक्टर सिलिंडर धरून बाजूने उतरत होता. मी पायांच्या बाजूला होतो. वळणावर तिची टाच माझ्या मनगटावर आपटली, तिला ते कळलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून आम्हाला वाट देत म्हणाले, "अहो, लिफ्ट आहे की!"

बारकीने मास्क बाजूला सरकवला.

"दादा, आईला गुडघ्यासाठी इथेच आणायचास ना तू? चौथ्या मजल्यावर?"

"हो."

"लिफ्टने?"

"लिफ्टनेच. तिला कुठे जिना चढवतो?"

ती माझ्याकडे बघत राहिली. आमच्या घरात राग फक्त मलाच येतो असं आम्ही सगळे समजत होतो. तिने मास्क परत नाकावर ओढला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. वॉर्डबॉय म्हणाला, "सांभाळून, पायरी आहे," आणि आम्ही उरलेले मजले उतरू लागलो.