इस्त्रीच्या खोलीतली ओली खुर्ची

आमच्या नानायला, म्हणजे आईला, जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण तिने घरी येणं काही सोडलेलं नाही. दुपारी चारच्या सुमारास न्हाणीघरापासून इस्त्रीच्या खोलीपर्यंत ओली पावलं उमटतात. उजवं पाऊल पुरतं, डावं ओढल्यासारखं. जिवंतपणी ती तशीच चालायची. पावलं वेताच्या खुर्चीपाशी येऊन थांबतात. परत जात नाहीत.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे मी प्लंबरला बोलावलं. त्याने दोन फरश्या उखडल्या, पाइपाला कान लावला, छातीवर क्रूस काढला आणि हत्यारं गोळा करून निघून गेला.

"नानाय बजावायला येते, तोतो," मानांग सोरिंग म्हणाली. ही माझी थोरली बहीण; मानांग म्हणजे ताई. "पाण्याला शिवू नकोस म्हणून सांगते. प्लंबर काय करणार त्याला!"

नानायने इलोइलो शहराच्या हारो भागातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश इस्त्री करून आम्हा दोघांना वाढवलं, आणि तिच्यामागे मानांगने तेच टेबल, तीच खोली, तीच गिऱ्हाइकं चालवली. इस्त्रीवालीचा धर्म एकच. दिवसभर तापलेल्या हातापायांना त्या दिवशी पाणी लावायचं नाही. लावलं की पास्मा होतो. हात थरथरतात, पायाच्या शिरा फुगून वर येतात. इलोइलोतल्या कुठल्याही बाईला विचारा, एखाद्या डॉक्टरीणबाईच्या आजीलासुद्धा.

नानायने एका दुपारी पाय धुतले आणि ती गेली. आमच्या घरात ही गोष्ट एवढीच सांगितली जाते. मधला अर्धा तास कुणी सांगत नाही. त्या अर्ध्या तासात मी तिथे होतो, म्हणून मीही सांगत नाही.

मेमध्ये माझ्या पोटरीवर एक कोळिष्टक दिसलं. निळ्या-तांबड्या बारीक रेघा, मधोमध एक ठिपका. एका माणसाने एका जागी उभं राहून पंचवीस वर्षं तेच तेच शिकवलं, तर कोळ्यालाही जाळं विणावंसं वाटणारच. मी मात्र घाबरलो. मानांग माझ्यापेक्षा जास्त घाबरली.

"नानायचंच आलंय तुला! उद्याच्या उद्या दाखवून ये. मी येते बरोबर, तू एकटा गेलास तर डॉक्टरलाच शिकवत बसशील."

हे बोलताना ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. तिच्या डाव्या पायावरून मांडीपासून घोट्यापर्यंत करंगळीएवढी जाड शीर वेटोळी घालत उतरली होती. घोट्याजवळची कातडी चहा सांडल्यासारखी काळपट झाली होती. पण ते दुखणं नव्हतं. तो पास्मा होता, आणि पास्म्याला डॉक्टर लागत नाही, शिस्त लागते.

डॉक्टर पालमारेस तिशीतल्या. सपाट चपला, मोठा आवाज. त्यांनी मला उभं केलं, पोटरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "सर, हे नुसतं जाळं आहे. कातडीतच आहे. डोळे मिटून हात फिरवला तर कळतसुद्धा नाही. दुखतं? जड वाटतं? सूज?"

"नाही," मी जरा खट्टू होऊन म्हणालो.

"मग काही नको. फारच खुपत असेल तर बारीक सुईने औषध सोडून पुसट करता येईल. पण ते दिसण्यापुरतं. लुंगी नेसून मिरवायचंय का कुठे?" मग त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या मानांगकडे पाहिलं. तिच्या झग्याखालून घोटा दिसत होता. "मानांग, जरा उभ्या राहा."

"मी? मी सोबत आलेय."

"सोबतीचाच पाय बघायचाय मला."

तिच्या पोटरीवरून डॉक्टरांचं बोट दोरखंडावरून फिरावं तसं वर-खाली झालं. "हे जाळं नाही. ह्या व्हेरिकोज व्हेन्स. हाताला लागतात, संध्याकाळी पाय शिशासारखा होतो, रात्री पेटके येतात, घोट्याशी खाजतं. बरोबर?"

"इस्त्री करणाऱ्या सगळ्यांनाच होतं ते."

"म्हणून तर मला काम आहे." त्यांनी सोनोग्राफीची जेलची बाटली उचलली.

मानांगने पाय मागे घेतला. "ते गार आहे."

"असणारच."

"मग लावायचं नाही. पहाटेपासून इस्त्री करून आलेय मी."

"माझी आजीपण हेच म्हणायची."

"मग ऐकायचं होतंस तिचं."

"ऐकलं ना. एक थेंब लावला नाही तिने कधी. तरी तिचा पाय असाच होता." डॉक्टरांनी वाद वाढवला नाही. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली बुडवून ठेवली आणि दहा मिनिटांनी विचारलं, "आता चालेल?" मानांगने बोटाने जेल चाचपलं. पोप असता तर त्यानेही इतक्या उशिरा परवानगी दिली नसती.

पडद्यावर रक्त वर चढताना दिसलं, आणि लगेच खाली घसरताना. "शिरेत छोटी छोटी दारं असतात," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त वर गेलं की मागून लागतात. तुमची लागत नाहीत. सगळा भार घोट्यावर. ही शीर आतून लेझरने बंद करून टाकू, पाय बधिर करून. त्याच दिवशी चालत घरी जाल. तोवर घट्ट मोजे, आणि पाय उंच ठेवून झोपायचं." मग त्यांनी घोट्यावरच्या एका निळ्या फोडासारख्या टेंगळाला हलकेच बोट लावलं. तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ होती. "हे मला आवडत नाही. हे फुटलं तर नळासारखं रक्त येईल, आणि दुखणार काहीच नाही. ताबडतोब आडवं व्हायचं, पाय वर, कापडाने दाबून धरायचं. मग आमच्याकडे. बसायचं मात्र नाही."

"बसलं तर?" मी विचारलं.

"टाकी वर आणि नळ खाली, सर. पाय लोंबकळत राहिला तर माणूस खुर्चीत बसल्या बसल्या जातो."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. एकोणीस वर्षांपूर्वी त्या दुपारी न्हाणीघरातून नानाय रक्ताने लाल झालेल्या पायाने बाहेर आली होती. मी तिला उचलून वेताच्या खुर्चीत बसवलं, खांद्यावर शाल टाकली, आल्याचा गरम काढा हातात दिला. पास्म्यावर तोच उतारा. पाय खाली लोंबत होता. ती म्हणाली, "तोतो, झोप येतेय रे." मी म्हणालो, "बसून राहा, नानाय. बरं वाटेल."

लेझरची तारीख ठरली आणि पुढे ढकलली. दुसरी ठरली, तीही ढकलली. जूनमध्ये शाळा उघडतात. "साडेतीनशे गणवेश आहेत," मानांग म्हणाली. "पोरं चुरगळलेली जातील, आणि नाव नानायचं जाईल." मी डॉक्टरांचं म्हणणं रोज तिला ऐकवत होतो. खुर्चीचं सांगत नव्हतो. पावलं आता दिवसातून दोनदा यायला लागली होती.

शाळा उघडायच्या आदल्या शुक्रवारी चार वाजता मी उत्तरपत्रिका तपासत होतो. इस्त्रीच्या खोलीतून मानांगचा साधाच आवाज आला. "तोतो, चप्पल का चिकचिक करतेय बघ रे."

मी गेलो. तिच्या घोट्यातून बारीक, ताठ धार भिंतीवर उडत होती. ती वाफ सोडणारी इस्त्री नीट उभी करून ठेवत होती, कारण गणवेश जळता कामा नये. मग तिचा चेहरा पांढरा पडला आणि तिने मागे हात करून खुर्ची चाचपली. वेताच्या त्याच खुर्चीचा हात तिच्या हातात आला. मी 'बसू नकोस' म्हणायला तोंड उघडेपर्यंत उशीर झाला होता.

ती टेकली आणि विंचू चावल्यासारखी उठली.

"ओली आहे! थंडगार! कोणी पाणी सांडलं इथे?" ती माझ्यावरच खेकसली. "मारायचंय का मला? तापलेल्या अंगाने ओल्यावर बसू?"

आणि इस्त्रीवालीच्या धर्माला जागून, खुर्ची सोडून, ती गरम गरम गणवेशांच्या ढिगावर कोसळली. तेवढ्यात माझे हातपाय हलले. तिचा पाय मी माझ्या खांद्यावर घेतला, इयत्ता चौथीतल्या कुणाचा तरी सदरा घडी करून घोट्यावर दाबला आणि धरून राहिलो. धार थांबली. खांद्यावर बहिणीचा पाय घेऊन मी दवाखान्याला फोन लावला. समोर खुर्चीच्या वेतातून पाणी ठिबकत होतं. टप. टप. एकोणीस वर्षं नानाय पाण्याबद्दल बजावत नव्हतीच. ती त्या खुर्चीत कोणी बसू नये म्हणून येत होती.

लेझर झाल्यावर आठवड्याने मी मानांगला सगळं सांगितलं. तिने घट्ट मोजा वर ओढला.

"तू बसवलंस, हे ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"खुर्ची पुढे कोणी ओढली होती, तोतो?"

मला आठवेना. तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, आणि मग आम्ही दोघांनी फरशीकडे पाहिलं. फरशी कोरडी होती.

अजून कोरडीच आहे. प्लंबर म्हणतो, त्याने बसवलेल्या फरश्यांचा हा गुण. म्हणू दे. मानांग दुपारी काम थांबवून जमिनीवर आडवी होते आणि दोन्ही पाय त्या खुर्चीवर टाकते. आधी मात्र मला हाक मारते, आणि मी जाऊन बैठकीवरून हात फिरवून बघतो. कोरडी असली तर सांगतो. तेव्हा ती स्वतःही एकदा हात फिरवून बघते, आणि मग पाय वर टाकते.